खर्चाचा खाडा

दक्षिण कोरियात २०२२ च्या जुलै महिन्यात महागाईचा दर ६.३ टक्क्यांवर पोहोचला. १९९८ सालच्या आर्थिक संकटानंतर त्या देशाने एवढी भाववाढ अनुभवलेली नव्हती. त्याच महिन्यात तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर एकदम अर्ध्या टक्क्याने वाढविला. हा झाला सरकारदरबारचा उपाय. परंतु त्याच सुमारास तेथील नोकरदार तरुण-तरुणींनी आपल्यापुरता एक निराळाच उपाय शोधून काढला. त्याचे नाव ‘मुजिचुल’, म्हणजे बिनखर्च. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत एक पैही खर्च करावयाची नाही, असे महिन्यातले जितके दिवस साधतील तितके साधावयाचे आणि पुढल्या महिन्यात त्यांची संख्या वाढवावयाची, अशी ही ज्याने त्याने स्वतःशीच लावलेली पैज होती. घरून डबा न्यावयाचा, कॉफी कचेरीतलीच प्यावयाची, जवळचे अंतर पायी तोडावयाचे, एवढेच या व्रताचे विधिविधान. ‘आयुष्य एकदाच मिळते, तेव्हा हौस भागवून घ्या’ हा काही वर्षांपूर्वी ज्या पिढीचा मंत्र होता, तीच पिढी न झालेल्या खर्चाचे दिवस अभिमानाने मोजू लागली.

ही कल्पना अगदीच नवी होती असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहरी टेड डेव्ह नावाच्या कलावंताने १९९२ च्या सप्टेंबरात ‘काहीही न विकत घेण्याचा दिवस’ सुरू केला आणि ‘अ‍ॅडबस्टर्स’ या नियतकालिकाने त्याचा प्रसार केला. १९९७ पासून उत्तर अमेरिकेत हा दिवस ‘थँक्सगिव्हिंग’च्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे खरेदीला उधाण येते नेमक्या त्या शुक्रवारी पाळण्यात येऊ लागला. मात्र या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. कॅनडातला दिवस हा निषेधाचा; त्याचा रोख बाजाराकडे. कोरियातला दिवस हा हिशेबाचा. त्याचा रोख स्वतःकडे. निषेध वर्षातून एकदा केला तरी चालतो. हिशेब मात्र रोज करावा लागतो. म्हणूनच यांपैकी दुसरी कल्पना सामान्य संसाराच्या अधिक जवळची आहे आणि तिचा विचार आपल्याकडेही गंभीरपणे व्हावयास हवा.

बाजाराचा एकच दिवस

खरे पाहता मराठी मुलखाला बिनखर्चाचा दिवस मुद्दाम शिकविण्याची गरज एके काळी नव्हती. खेड्यातील माणसाचा पैशाशी संबंध येई तो आठवड्याच्या बाजारी. मीठ, मिरची, तेल, खण-लुगडे जे काय घ्यावयाचे ते त्या दिवशी. उरलेले सहा दिवस खिशाला हात लावण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने खळ्यावर दिला जाई. या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात करून ठेवले आहे. अशा समाजात खर्चाचा दिवस हाच अपवाद होता. बिनखर्चाचा दिवस हा नियम.

परंतु यावरून ‘पूर्वीचे दिवस बरे होते’ असा निष्कर्ष काढणे ही मोठीच दिशाभूल ठरेल. ज्या गावगाड्यात पैसा फिरत नव्हता, त्यात माणसाला आपल्या श्रमाची किंमत ठरविण्याचा अधिकारही नव्हता. बलुते हे ज्याच्या पदरी पडे, त्याच्या दृष्टीने तो मोबदला नसून मेहेरबानी असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच कारणासाठी. कष्टाचा मोबदला रोख आणि निश्चित मिळाला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. खिशातले नाणे हे पुष्कळांच्या बाबतीत गुलामीतून सुटल्याची खूण होती, हे विसरून काटकसरीचे गोडवे गाणे हा अन्याय होईल. पैसा वाईट नाही आणि खर्चही वाईट नाही. वाईट आहे तो नकळत होणारा खर्च. बिनखर्चाच्या दिवसाचे समर्थन करावयाचे ते एवढ्याच मर्यादेत.

दाराशी आलेला बाजार

नकळत होणाऱ्या खर्चाला आजच्याइतके अनुकूल दिवस पूर्वी कधीही नव्हते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय या व्यवस्थेमार्फत होणाऱ्या व्यवहारांची एका महिन्यातील संख्या २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रथमच एक हजार कोटींच्या पलीकडे गेली आणि पुढच्या दोन वर्षांत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ती दोन हजार कोटींच्या वर गेली. ही सोय मोठी आहे यात संशय नाही. सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी थांबली. भाजीवाल्या मावशींच्या खात्यावर दिवसाची विक्री जमा होऊ लागली. परंतु प्रत्येक सोयीबरोबर एक अडसर नाहीसा होतो आणि काही अडसर उपयोगाचे असतात. पाकिटातली शंभराची नोट मोडताना मनुष्य क्षणभर थांबत असे. नोट मोडली की उरलेले पैसे राहत नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट टेकविताना तो क्षण उरत नाही. घरपोच वस्तू देणाऱ्या कंपन्यांनी तर बाजारात जाण्याचे कष्टही वाचविले. पूर्वी माणसाला बाजारात जावे लागे. आता बाजारच दाराची घंटा वाजवितो.

पैसे देण्याच्या पद्धतीचा खर्चाच्या वृत्तीवर परिणाम होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत ड्राझेन प्रेलेक व डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी २००१ साली प्रसिद्ध केले. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला. काहींना सांगितले की रक्कम रोख द्यावी लागेल. काहींना सांगितले की ती क्रेडिट कार्डाने द्यावी लागेल. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. या एका प्रयोगावरून आपल्याकडील प्रत्येक यूपीआय-ग्राहक दुप्पट खर्च करतो असे म्हणणे चुकीचे होईल. कारण उधारीचे कार्ड आणि खात्यातून तत्काळ वळती होणारी रक्कम यांत फरक आहे. पण हातातून पैसा जाताना होणारी टोचणी बोथट झाली की हातही सैल सुटतो, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

याची फलश्रुती राष्ट्रीय आकड्यांतही डोकावते. कर्जे वजा जाता भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ या साथीच्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास आली. घरासाठी व वाहनासाठी काढलेली कर्जे हे या घसरणीचे मोठे कारण आहे, चहा-वडापाव नव्हे. तथापि ज्या घराचा हप्ता ठरलेला आहे, त्या घराला हालचाल करण्यास जागा उरते ती किरकोळ खर्चातच.

एकादशी आणि दुप्पट खाशी

ही जागा किती असते? समजा, एका घरात महिन्याकाठी ४० हजार रुपये येतात. घरभाडे अथवा हप्ता, मुलांची फी, वीज, गॅस, रेल्वेचा पास, औषधे यांत २८ हजार जातात. वाणसामान, दूध व भाजी यांना ७ हजार लागतात. उरले ५ हजार. बाहेरचे खाणे, रिक्षा, मागवलेल्या वस्तू, ‘स्वस्तात मिळाले म्हणून’ घेतलेला सदरा हे सारे या ५ हजारांतून होते. म्हणजे दिवसाला सुमारे १६७ रुपये. महिन्यातले १२ दिवस पूर्णपणे बिनखर्चाचे गेले, तर २ हजार रुपये वाचावयास हवेत. वर्षाचे २४ हजार होतात. ही रक्कम क्षुल्लक नव्हे. अकस्मात आलेले आजारपण सावकाराचे किंवा कार्डाचे तोंड न पाहता निभावून नेण्याइतकी ती आहे.

पण हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात आपल्या लोकांनी उपवासाविषयी जे मार्मिक निरीक्षण करून ठेवले आहे, तेच येथेही लागू पडते. एकादशी आणि दुप्पट खाशी! मंगळवारी काही न घेतलेला मनुष्य बुधवारी दोन दिवसांचे घेऊन येतो. शिवाय काल निग्रह पाळल्याचे बक्षीस म्हणून आणखी काही पदरात पाडून घेतो. पैशाची एकादशी मोडण्याचे आणखीही छुपे मार्ग आहेत. वाण्याच्या वहीत मांडून ठेवणे, ‘आता घ्या, पुढच्या महिन्यात भरा’ या सवलतीचा लाभ घेणे, सहकाऱ्याला चहाचे पैसे द्यावयास लावणे. अशाने दिवस कोरा दिसतो, महिना मात्र कोरा राहत नाही. वरील उदाहरणात टळलेल्या खर्चापैकी निम्मा दुसऱ्या दिवशी सरकला, तर वर्षाची बचत २४ हजारांवरून १२ हजारांवर येते. सगळाच सरकला तर ती शून्य होते. सारांश, बिनखर्चाच्या दिवसांची संख्या हे बचतीचे माप नव्हे. ते सवयीचे माप आहे. बचतीचे माप महिनाअखेरीच्या शिलकेतच पाहावे लागते.

मग दिवस मोजण्याचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. ‘खर्च कमी करीन’ हा संकल्प कोठे सुरू होतो व कोठे मोडतो, हे कोणालाच सांगता येत नाही. ‘आज काहीही घेणार नाही’ हा संकल्प मोडला की त्याच क्षणी मोडल्याचे कळते. व्रताचे सामर्थ्य त्याच्या कठोरपणात नसते, तर त्याच्या स्पष्टपणात असते. शिवाय अशा दिवशी, एरवी ध्यानातही न येणारे खर्च एकामागून एक पुढे उभे राहतात. स्टेशनवरचा चहा भुकेपोटी घेतला जातो की गाडी यावयाची आहे म्हणून, हे तो न घेतल्यावरच उमगते.

खाड्याचे नियम

मराठी घरांना या कामासाठी नवे साधन शोधावयास नको. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकटीत दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे आणि कामवाल्या बाईंचे खाडे लिहिण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्याच चौकटीत खर्चाचाही खाडा लिहिता येईल. ज्या दिवशी पैसा बाहेर गेला नाही, त्या दिवशी एक फुली. पहिल्या महिन्यात काहीही न बदलता केवळ फुल्या माराव्यात. चार आल्या तर पुढच्या महिन्यात सहांचा संकल्प करावा. एकदम वीसचा नको. घिसाडघाईने घेतलेले व्रत तितक्याच घाईने सुटते.

नियम आधी ठरलेले असावेत. वीजबिल, हप्ता, पास यांसारखे ठरीव खर्च धरू नयेत. ते टाळल्याने बचत होत नाही, दंड मात्र पडतो. औषध आणि आजाऱ्याची सोय यांना व्रताची आडकाठी कधीच नसावी. उधारी मात्र खर्चच समजावी, मग ती वहीतली असो की कार्डावरची. भाजी-किराण्यासाठी आठवड्यातून एक किंवा दोन वार नेमावेत, म्हणजे आठवड्याच्या बाजाराची जुनी शिस्त तिच्या जुन्या बेड्यांवाचून परत येईल. अधल्यामधल्या दिवशी एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर ती कागदावर टिपून बाजाराच्या वारापर्यंत थांबावे. तोवर यादीतल्या कित्येक वस्तूंची निकड आपोआप ओसरलेली आढळेल.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०४ साली घरखर्चाची जी वही प्रसिद्ध केली, तीतही हेच सूत्र होते. आधी अंदाज, मग नोंद, शेवटी ताळा. ‘काकेबो’ या नावाने ती परंपरा आजही चालू आहे. लंडनमध्ये शिकत असताना मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी बसभाड्याचा आणि वर्तमानपत्राचा खर्चदेखील लिहून ठेवीत असे आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवीत असे, हे त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकांना माहीत आहे. त्या नोंदींतूनच पुढे त्यांनी बिऱ्हाड बदलले, वाहन सोडून चालणे पत्करले आणि स्वयंपाक स्वहस्ते सुरू केला. आधी नोंद झाली, काटकसर तिच्यामागून आली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक नियम सर्वांत महत्त्वाचा. वाचलेला पैसा त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी गेला पाहिजे. विजयवाडा येथील झोपडवस्तीतील एका पद्धतीचे वर्णन स्टुअर्ट रदरफोर्ड या अभ्यासकाने केले आहे. एक बाई दारोदार जाऊन प्रत्येकीकडून रोज ५ रुपये गोळा करीत. प्रत्येक गृहिणीजवळ २२० चौकटींचे कार्ड असे. सगळ्या चौकटी भरल्या म्हणजे १,१०० रुपये जमत. त्यांतले १,००० गृहिणीला परत मिळत आणि १०० रुपये त्या बाई आपल्या मेहनतीचे म्हणून ठेवीत. व्याज मिळण्याऐवजी येथे उलट पैसेच द्यावे लागत, तरीही स्त्रिया आनंदाने ते देत. कारण घरात राहिलेला पैसा टिकत नाही, हे त्या जाणून होत्या. फुलीच्या प्रत्येक दिवशी शंभर-दीडशे रुपये पोस्टाच्या, बँकेच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर वळते झाले, तरच त्या फुलीला अर्थ. नाहीतर ती केवळ शाई.

खाडा कोणाच्या जिवावर?

येथवरचा विचार पैशाचा झाला. परंतु या व्रताची खरी कसोटी वेगळीच आहे. घरात पैसा खर्च झाला नाही म्हणजे काहीच खर्च झाले नाही, असे नसते. बाहेरून मागवावयाचे नाही असे ठरले की कोणाला तरी ओट्याशी उभे राहावे लागते. डबा न्यावयाचा म्हटले की कोणाला तरी पहाटे पाचला उठावे लागते. बहुतेक घरांत ही ‘कोणीतरी’ व्यक्ती एकच असते. नवऱ्याने अभिमानाने मारलेली फुली ही बायकोच्या दोन तासांच्या श्रमांची पावती असेल, तर तेथे बचत झाली नसून फक्त वसुली झाली. गावगाड्यातही पैसा न देता श्रम घेतले जात होते. तोच न्याय नव्या नावाने घरात आणण्यात कसले शहाणपण? म्हणून बिनखर्चाच्या दिवसाचा निर्णय घरातल्या सर्वांनी मिळून घ्यावा आणि त्या दिवसाचे वाढीव काम वाटून घ्यावे. हे जमत नसेल तर बाहेरचे खाणेच अधिक न्याय्य.

दुसरा प्रश्न घराबाहेरचा. काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड बहुधा दुबळ्यावर पडते. कामवाल्या बाईंचा पगार चार दिवस लांबतो, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस होते, चांभाराचे काम पुढे ढकलले जाते. ज्याचे पोट रोजच्या गल्ल्यावर आहे, त्याचे देणे ‘आज खाडा’ म्हणून थांबविणे हे व्रत नव्हे. सर्वांनीच हात आखडला तर एकाचा टळलेला खर्च हे दुसऱ्याचे बुडालेले उत्पन्न ठरते आणि एकूण बचत वाढत नाही, हा विचार केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिला. महिन्यातले आठ-दहा दिवस मध्यमवर्गाने खर्च केला नाही म्हणून देशात मंदी येणार नाही, हे उघड आहे. तरीही कात्री कोठे लावावी, याचा विवेक त्यातून शिकण्यासारखा आहे.

आणि ज्यांच्याजवळ खर्च करावयास काही नसतेच, त्यांचे काय? सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार भारतात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आहे. दिवसाला अनुक्रमे सुमारे १३७ आणि २३३ रुपये. त्यातही खेड्यात ४७ टक्के आणि शहरात जवळपास ४० टक्के खर्च अन्नावरच होतो. ही झाली सरासरी. कित्येक कोटी माणसे तिच्याही खाली जगतात. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभा राहून दुपारी रिकाम्या हाती परतणाऱ्या माणसाच्या आयुष्यात बिनखर्चाचे दिवस पुष्कळ येतात. ज्याच्या कामाचा खाडा पडतो, त्याच्या खर्चाचाही आपोआप पडतो. त्याला कोणी व्रत म्हणत नाही. न खाणे हा उपवास ठरतो तो घरात अन्न असेल तरच.

या दृष्टीने १९६५ सालच्या एका आवाहनाची आठवण उद्बोधक आहे. धान्याची टंचाई आणि युद्ध अशा दुहेरी संकटात लालबहादूर शास्त्रींनी देशवासीयांना आठवड्यातून एका वेळचे, सोमवारी संध्याकाळचे, जेवण सोडण्याची विनंती केली. असंख्य कुटुंबांनी ती मानली आणि अनेक उपाहारगृहांनीही त्या संध्याकाळी चुली बंद ठेवल्या. त्या सोमवाराने देशाचा धान्याचा प्रश्न सुटला नाही. तो सुटण्यास शेतीतच मोठे बदल व्हावे लागले. पण ते आवाहन ज्यांच्या ताटात दोन वेळचे होते, त्यांना होते. आणि आपल्या सोडलेल्या घासाचा संबंध दुसऱ्याच्या भुकेशी आहे, ही जाणीव त्याने घरोघरी पोहोचविली.

बिनखर्चाच्या दिवसांची पैज अवश्य लावावी. तिने कोणी श्रीमंत होणार नाही. पगार अपुरा असेल तर तो पुरेसा होणार नाही. घरांच्या किमती आणि शाळांच्या फिया उतरणार नाहीत. या गोष्टींसाठी लढावे लागते ते वेगळ्या आघाड्यांवर, आणि ‘चहा सोडा म्हणजे घर होईल’ असा उपदेश करणाऱ्यांना तेवढ्यासाठी सूट देण्याचे कारण नाही. परंतु महिनाअखेर आली की ‘पैसे गेले कोठे?’ हा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, त्या घरांना या प्रश्नाचे उत्तर तरी सापडेल. आपला पैसा कोठे जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो कोठे जावा हे ठरविता येते. भिंतीवरच्या चौकटीतील फुल्यांनी एवढे साधले, तरी त्या कारणी लागल्या म्हणावयास हरकत नाही.